शिध्याचा भात

पदवीची तीन वर्षं मी सत्यनारायणावर काढली. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मुलगी भलतीच श्रद्धाळू दिसते. तसं काही नव्हतं. चौरंगावरचे तांदूळ, कलशावरचा नारळ, पाच फळं आणि उरलेला शिरा यांच्यावर माझं पोट चाललं, एवढाच त्याचा अर्थ. फी आणि डोंबिवलीत घेतलेल्या खाटेचं भाडं पूजांच्या मजुरीतून जायचं. आणि हे सगळं ज्यांच्यामुळे जमलं त्या बाई देवाबद्दल स्वतःहून फारसं काही बोलायच्या नाहीत. त्यांचं बोलणं बहुतेक वेळा घड्याळाबद्दल असायचं.

बाई पूजा सांगायच्या, म्हणजे गुरुजींचं काम करायच्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, निवृत्त झाल्यावर पौरोहित्याचा वर्ग केला आणि लगेच कामाला लागल्या. सत्तरीच्या आसपासचं वय, सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि खांद्याला ऑफिसातली जुनी रेक्झिनची बॅग. त्या बॅगेत पूर्वी डबा आणि छत्री असायची, आता ताम्हन, पळी-पंचपात्र आणि शंख असायचा. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एका यजमानीणबाईंनी ऐन पूजेच्या पाटावर विचारलं, तेव्हा 'ड्यूटी असायची' एवढं म्हणाल्या आणि संकल्प सुरू केला.

एक्स्चेंज त्यांच्या अंगातून कधी गेलं नाही. फोन आला की 'हं, बोला.' बोलणं संपलं की फोन बंद. 'ठेवते हं', 'बरंय मग', 'या एकदा' असला फाफटपसारा नाही. नव्या यजमानांना वाटायचं नेटवर्क गेलं, ते पुन्हा लावायचे. मग बाई शांतपणे सांगायच्या की मघाशी आपलं बोलून झालं आहे. ठाण्याला एका वास्तुशांतीत यजमानांचा मोबाइल सारखा वाजत होता आणि ते अक्षता हातात घेऊन 'हो सर, हो सर' करत होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाईंनी हात पुढे केला, मोबाइल घेतला, कानाला लावला आणि सगळ्या जगाने कधी ना कधी ऐकलेल्या त्या आवाजात म्हणाल्या, "या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." मग मोबाइल स्वतःच्या बॅगेत टाकला. पलीकडच्या साहेबांना ते खरं वाटलं असावं, कारण पूर्णाहुतीपर्यंत पुन्हा फोन आला नाही.

कथा सांगण्याची त्यांची तऱ्हा याहून अवघड होती. त्या कथा सांगायच्या आणि अध्याय संपला की प्रश्न विचारायच्या. साधुवाण्याने नवस कधी फेडायचं ठरवलं होतं? कलावतीने प्रसाद का टाकला? यजमान गडबडायचे. पाहुणे स्वयंपाकघरात सटकायचे. कुणालाच उत्तर आलं नाही तर बाई तोच अध्याय पहिल्यापासून सांगायच्या, तोवर शिरा गार. एकदा कल्याणला एका इमारतीत यजमानांच्या सासूबाईंनी दारामागून जावयाला उत्तर पुरवलं, तर बाईंनी सासूबाईंनाच समोर बसवून पुढचे सगळे प्रश्न विचारले. तरी गंमत अशी की त्यांना एकदा बोलावणारी माणसं पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलवत आणि यजमान आदल्या दिवशी कथा वाचून ठेवत.

मी त्यांच्याकडे गेले त्याआधी स्टेशनजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानात कामाला होते. सकाळचं कॉलेज, दुपारपासून दुकान. दुकानाची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ एकच, त्यामुळे रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स बुडत होती आणि हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत असं सरांनी बजावलं होतं. बाई त्या दुकानाच्या गिऱ्हाईक. कापूर हुंगून घ्यायच्या, सुपाऱ्या वाजवून घ्यायच्या. एकदा माझ्या पिशवीतून डोकावणारा प्रॅक्टिकलचा कोट पाहून त्यांनी चौकशी केली आणि दुकानाचे मालक ऐकत असतानाच मला अटी सांगितल्या. पूजेची मांडणी करायची, भांडी घासायची, केळीचे खांब बांधायचे, चंदन उगाळायचं. मजुरी ठरलेली. चौरंगावरचा सगळा शिधा माझा. कॉलेजच्या वेळेत पूजा घेतली जाणार नाही. "आणि माझ्याकडे फुकट काही मिळत नाही. चहासुद्धा नाही. चालेल?"

मी चालेल म्हटलं. दुकान सोडलं तोवरचे दोन दिवस मालकांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

शिधा पूजा सांगणाऱ्याचा असतो, तो त्या मला का देतात, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मला साखर आहे, भात चालत नाही, असं त्यांचं उत्तर. पुढच्याच आठवड्यात मी मजुरी आणायला अवेळी गेले तर बाई टेबलाशी बसून ताटभर दहीभात खात होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पुढे तीन वर्षं त्यांना साखर होती आणि मला ती मान्य होती.

कॉलेजच्या वेळेची अट त्यांनी इतकी पाळली की कधी कधी मलाच संकोच वाटायचा. सकाळचा मुहूर्त मागणाऱ्याला त्या सरळ सांगायच्या, सकाळी माझी मुलगी कॉलेजात असते. 'पण आमच्या ज्योतिषांनी सकाळच सांगितली आहे,' असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, मग त्यांनाच बोलवा. परीक्षेच्या दिवसांत मात्र मला सुट्टी आणि शिधाही बंद. काम नाही तर तांदूळ नाही, हा त्यांचा हिशोब. पण परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या भागात सत्यनारायणांची अशी काही लाट यायची की माझ्या खाटेखाली नारळ मावायचे नाहीत. पौर्णिमेलाच करायला हवा असं काही नाही, लवकर उरकून घ्या, असं त्या यजमानांना फोनवर सांगताना मी ऐकलं आहे.

तर अशा रीतीने मी जेवत होते. पूजेच्या तांदळात हळद-कुंकू मिसळलेलं असतं. कितीही वेळा धुतले तरी थोडं राहतंच, त्यामुळे माझा भात नेहमी फिकट गुलाबी व्हायचा. खोलीतल्या बाकीच्या मुली नोकरी करणाऱ्या होत्या. त्या आधी हसल्या, मग महिनाअखेरीला माझ्याच पातेल्यात चमचा घालू लागल्या. पूजेतल्या खणांच्या आम्ही उशा शिवल्या. नारळ मात्र दुकानात परत विकायला बाईंची बंदी होती. देवाला तोच नारळ पुन्हा दाखवायचा का, असं त्या विचारायच्या. म्हणून आम्ही रोज चटणी खायचो.

आता मी घरून काही का घेत नव्हते, ते सांगायला हवं. आमचं घर खडवलीला. थोडी भातशेती, बाबा, आई आणि भाऊ. बारावी झाल्यावर बाबांनी सांगितलं की लग्न करून देईन, पुढचं शिक्षण माझ्याच्याने व्हायचं नाही. मला वाटतं, त्यांना खात्री होती की चार दिवस रडेल आणि गप्प बसेल. मी रडले नाही, डोंबिवलीला निघून आले. पहिल्या दिवाळीनंतर आईने भावाच्या हाती नव्या तांदळाची पिशवी पाठवली. मी ती खोलीच्या दारातूनच परत पाठवली. घरचा एक दाणा घेतला की घरचं ऐकावं लागणार, आणि घरचं ऐकायचं म्हणजे कॉलेज सोडायचं, एवढं सरळ गणित माझ्या डोक्यात होतं. भावाने पिशवी उचलली आणि 'तू जास्तच करतेस' म्हणून निघून गेला. तो भात आम्ही लावलेला होता. लावणीला मीही चिखलात उभी होते. भाऊ गेल्यावर मला खूप रडू आलं, पण पिशवी गेली ती गेली.

बाईंना यातलं मी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही घरची चौकशी कधी केली नाही. त्यांना मी काय शिकते यात रस होता. वाती वळताना तोंड रिकामं असतं, तर आज काय शिकवलं ते सांग, असं म्हणायच्या. मी सांगायचे. त्या ते लक्षात ठेवून भलत्या वेळी बाहेर काढायच्या. एकदा भरल्या घरात पंचामृत ढवळता ढवळता मोठ्याने म्हणाल्या, हे मिश्रण की संयुग? मी मिश्रण म्हटल्यावर 'बरोबर' म्हणाल्या आणि मंत्र पुढे सुरू. यजमानांनी तोही मंत्रच समजून हात जोडले.

दुसऱ्या एका घरी, ठाण्याला, यजमानीणबाईंनी माझं आडनाव विचारलं आणि मग हलकेच बाईंना विचारलं, मुलगी आपल्यातलीच ना? आम्ही आगरी. मी सुपाऱ्या मांडत होते, माझा हात थांबला. बाई म्हणाल्या, "हो, आपल्यातलीच. बी.एस्सी.ला आहे." आणि त्या बाईंच्या हातात दुर्वांची जुडी देऊन निवडायला बसवलं.

माणसाला कामाला लावणं ही त्यांची खास सवय. त्यांच्या घरात कुणी रिकाम्या हाताने बसलेलं त्यांना खपायचं नाही. आलेल्याच्या पुढ्यात कापूस नाही तर दुर्वा नाही तर सुपाऱ्या पुसायचं फडकं यायचं. कुरियरवाला सही होईपर्यंत दोन वाती वळून जायचा. सोसायटीचे सेक्रेटरी देखभालीचे पैसे मागायला आले की बेलाची पानं पुसायला लागायची, म्हणून ते पुढे पुढे जिन्यातूनच हाक मारायचे.

त्या घरात एका रविवारी बाबा आले. माझं तिसरं वर्ष होतं, गणपती तोंडावर आले होते आणि बाईंच्या बाहेरच्या खोलीत दुर्वांचा ढीग पडला होता. झालं होतं असं की कल्याणला एका पूजेत आमच्या नात्यातल्या एका काकांनी मला मोरीत ताम्हन घासताना पाहिलं आणि गावात जाऊन सांगितलं. बाबांनी त्या काकांकडून बाईंचा पत्ता काढला. मी आतल्या खोलीत कलश चिंचेने घासत होते. दार उघडं होतं आणि बाबांचा आवाज मी लगेच ओळखला.

त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं, "पोरीला नेवाला आयलो."

"बसा," बाई म्हणाल्या, आणि दुर्वांचा वाटा त्यांच्यापुढे सारला. "एकवीस-एकवीसच्या जुड्या करा. बोला."

मला वाटलं आता बाबा उठून जाणार. ते उठले नाहीत. भातरोपांच्या मुठी बांधण्यात आयुष्य गेलेले हात ते. हिरव्या ढिगापुढे रिकामे राहिले नाहीत. बाई जुडीला दोरा वापरायच्या. बाबांनी दोऱ्याकडे पाहिलं नाही, दुर्वेचंच एक लांब पातं ओढून जुडीला वेढा दिला आणि टोक आत खोचलं. बाईंनी ती जुडी उचलून सगळीकडून पाहिली आणि वेगळी ठेवली.

मग बाबा बोलत राहिले. टिटवाळ्याचं स्थळ आलं आहे, मुलाची स्वतःची जेसीबी आहे, माणसं चांगली आहेत, परीक्षेपर्यंत थांबायला ते तयार नाहीत. बाई ऐकत होत्या. मी कलश हातात घेऊन दारात येऊन उभी राहिले. वर्ष पुरं व्हायला थोडेच महिने राहिले होते आणि मला ठाऊक होतं, बाबांनी माझ्याकडे बघून एकदा 'चल' म्हटलं तर ओरडून नाही म्हणायची ताकद माझ्यात उरलेली नव्हती. तीन वर्षं एकटीने ओढत आणल्यावर माणूस थकतो. बाईंनी माझ्या बाजूने चांगलं खणखणीत बोलावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी तसं काही केलं नाही.

"मुलगी तुमच्याकडे काय मागते?" त्यांनी विचारलं.

"काय नाय मागत."

"मग तुम्ही तिच्याकडे काय मागायला आलात?"

बाबांनी हातातली जुडी पुरी केली. ती खाली ठेवून ते म्हणाले, "मागत नाय तोच राग हाय, बाई. घरशी तांदूल पिकतो. मी पाठवला तो हिनं दारातशी परत धाडला. आन् लोकांचे देवापुढचा उचलून खाते."

मी इतके दिवस समजत होते की ती पिशवी आईने पाठवली होती.

बाईंनी झालेल्या जुड्या मोजल्या. मग त्यांनी सांगितलं की ती उचलून खात नाही, कमावून खाते आणि परीक्षा होईपर्यंत तिला कमवायचं आहे. त्यानंतर काय करायचं ते तिला विचारा, मला नका विचारू. आवाज जराही चढवला नाही, गाडी किती वाजता आहे ते सांगावं तसं सांगितलं. बाबांनी समोरचा ढीग संपवला, हात झटकले आणि उठले. माझ्याकडे पाहून 'बारीक झालीस' एवढंच म्हणाले. 'चल' म्हणाले नाहीत.

ते चपला घालत असताना बाईंनी विचारलं, यंदा कोलम लावलाय की दुसरं काही? बाबा कोलम म्हणाले. बाई कुणाच्या घरची चौकशी करत नसत, त्यामुळे मला तो प्रश्न जरा विचित्र वाटला, पण डोक्यात बाकीचंच इतकं होतं की मी तो विसरून गेले.

टिटवाळ्याचं स्थळ परस्पर दुसरीकडे जमलं. मी कॉलेज, पूजा आणि गुलाबी भात यांत पुन्हा बुडाले. दिवाळी झाली. आमच्याकडे पूजेचं सामान यजमानांनी आणायचं किंवा बाईंनी न्यायचं अशी दोन्ही पद्धत होती. दिवाळीनंतर बाई सगळ्यांना एकच सांगू लागल्या, सामान आम्हीच आणू. का, ते मी विचारलं नाही.

एका पूजेनंतर मी नेहमीसारखा शिधा आणला, तांदूळ धुतले आणि कुकर लावला. पहिल्या शिटीला वास आला. नव्या तांदळाचा तर होताच, पण नवा तांदूळ बाजारातही मिळतो. हा आमच्या चुलीपाशी बसून मी लहानपणापासून घेतलेला वास होता. मी कुकर गार होईपर्यंतही थांबले नाही. भात गुलाबीच होता. एक घास खाल्ला आणि मला शंका राहिली नाही. हा तांदूळ आमच्या खालच्या शेतातला, नदीकडच्या. त्या दिवशी मी भाजी घेतली नाही, चटणी घेतली नाही. नुसता भात मीठ लावून खाल्ला आणि पुन्हा वाढून घेतला. शेजारच्या खाटेवरच्या मुलीने विचारलं, रडतेस का गं? मी म्हटलं, कुकरची वाफ गेली डोळ्यात.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं की हा तांदूळ कुठून आणला. त्या वाती मोजत होत्या.

"विकत घेतला. खडवलीकडचे एक शेतकरी आहेत. स्वतः आणून दिला."

त्यांनीच पुढे सांगितलं की किमतीवरून बरीच घासाघीस झाली. तो माणूस पैसेच घ्यायला तयार नव्हता, मग फार कमी सांगू लागला. शेवटी त्याला बाजारभावावर आणलं तेव्हा कुठे बाईंनी पोतं आत घेतलं. कुणी कुणाला काही दिलेलं नाही, कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. त्यांनी विकत घेतला, देवाला वाहिला, मी कामाचा म्हणून नेला. "तांदूळ कसा निघाला?"

"चांगला आहे," मी म्हटलं.

"मग परीक्षेपर्यंत पुरेल एवढा आहे. चल, शंख घे."

परीक्षेपर्यंत पुरला. मी पास झाले आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. पहिल्या पगाराची साडी घेऊन गेले तर बाईंनी ती आधी उलटसुलट करून पाहिली, मग मला पेढा न देता कापूस दिला. लग्नाचं मला घरी पुन्हा कुणी विचारलं नाही. ते पुढे मी माझ्या वेळेने केलं, आणि ते लावायला बाई स्पोर्ट्स शूज घालून आल्या. सप्तपदी झाल्यावर त्यांनी नवऱ्याला प्रत्येक पावलाचा अर्थ विचारला. त्याला चौथ्यापुढे येईना. पुन्हा चालावं लागलं.

आता बाईंचे गुडघे गेले आहेत. जिने चढवत नाहीत म्हणून पूजा सोडल्या. चौरंग नाही, शिधा नाही, त्यामुळे एवढ्या तांदळाची त्यांना काही गरज नाही. तरी बाबा दरवर्षी दिवाळीनंतर पोतं घेऊन त्यांच्याकडे जातात. किमतीवरून दोघांचं भांडण होतं, बाई जास्त सांगतात, बाबा कमी. मग बाई त्यांच्यापुढे दुर्वांचा ढीग सारतात, कारण पूजा बंद असल्या तरी मंदिरात जुड्या पाठवणं त्यांनी सोडलेलं नाही. बाबा तिथे दुपारपर्यंत बसतात. काय बोलतात कोण जाणे. आई म्हणते, घरी एवढं बसत नाहीत.

तिथून निघाले की ते माझ्याकडे येतात. हातांना दुर्वांचा हिरवा वास असतो आणि खांद्याला एक वेगळी पिशवी असते. ती ते दारातच खाली ठेवतात आणि चपला काढायच्या आधी माझ्याकडे बघत जरा थांबतात. दरवर्षी थांबतात. मग मी पिशवी उचलून आत नेते.